त्रिंकोमाली: मुंबईत बांधलेलं जंगी जहाज, आज हार्टलपूलच्या धक्क्यावर

उत्तरवारा (धागाकर्ता)

मंडळी, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. हार्टलपूल घरापासून पाऊण तासावर. या गावाची ख्याती म्हणजे माकड. नेपोलियनच्या युद्धात एक फ्रेंच जहाज किनाऱ्याजवळ फुटलं, त्यावरचं माकड तेवढं वाचलं आणि इथल्या कोळ्यांनी ते फ्रेंच हेर समजून फासावर दिलं, अशी दंतकथा आहे. गावकरी ती अभिमानानं मिरवतात. मीही इतके दिवस या गावाला माकडापलीकडे ओळखत नव्हतो.

गेल्या महिन्यात पाहुणे आले, त्यांना कुठेतरी न्यायचं म्हणून इथल्या नौदल संग्रहालयात गेलो. पाण्यात तीन डोलकाठ्यांचं एक जहाज उभं, काळी-पांढरी कूस, तोफांच्या खिडक्यांची रांग. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, फेटा बांधलेल्या माणसाचा पुतळा पाहून थबकलो. खालच्या फलकावर नाव होतं 'त्रिंकोमाली', आणि त्याखाली 'मुंबई, १८१७'.

पुढचे दोन तास पाहुणे आईस्क्रीम खात होते आणि मी आत फिरत होतो.

तर ही त्या जहाजाची गोष्ट. जमेल तशी सांगतो, चुकलो तर कान धरा.

१८१२ च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या नौदलानं ही फ्रिगेट मुंबईच्या गोदीकडे मागितली. फ्रिगेट म्हणजे मधल्या अंगाचं, चपळ जहाज. मोठ्या युद्धनौका रांगेत उभ्या राहून एकमेकींना ठोकायच्या. फ्रिगेटनं टेहळणी करायची, निरोप न्यायचे, शत्रूची व्यापारी जहाजं पकडायची आणि आपली राखायची. मुंबईच का, तर विलायतेत ओक कमी पडू लागला होता आणि इथे मलबारचं सागवान होतं. शिवाय इथे वाडिया होते. लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून गोदीचं मुख्य सुतारपण त्याच घराण्याकडे. त्रिंकोमालीच्या वेळी जमशेटजी बमनजी वाडिया हे मुख्य बांधणीकार होते.

आता गंमत. जहाजाचे नकाशे 'जावा' नावाच्या फ्रिगेटवरून मुंबईला निघाले. तेव्हा इंग्लंड-अमेरिका युद्ध जुंपलेलं. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं जावाला गाठलं. जावाच्या डोलकाठ्या पडल्या, कप्तान लॅम्बर्ट जखमी होऊन पुढे दगावला, आणि परत नेण्याच्या लायकीचं न उरलेलं ते जहाज अमेरिकनांनी जाळून टाकलं. नकाशे गेले. नवी प्रत पाठवावी लागली.

ती येईपर्यंत आणि लाकूड जमेपर्यंत १८१६ उजाडलं. तोवर वॉटर्लू होऊन गेलं होतं आणि नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत होता. म्हणजे ज्या युद्धासाठी जहाज मागवलं, ते संपल्यावर त्याचा कणा बसवला गेला! सरकारी काम, दुसरं काय. कणा बसवताना पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. खर्च सुमारे २३,००० पौंड. तोफांच्या मजल्याची लांबी १५० फूट, रुंदी ४० फूट, वजन हजार टनांच्या वर. वर्गवारी ३८ तोफांची, प्रत्यक्षात ४६.

पहिला प्रवास इंग्लंडला, कप्तान ब्रिजेस. वाटेत २४ जानेवारी १८१९ ला सेंट हेलेनाला मुक्काम पडला. सहा दिवसांनी निघताना जहाजावर एक जास्तीचा उतारू होता, जॉन स्टोको. हा आरमारी डॉक्टर. त्याच महिन्यात तो लाँगवुडला, म्हणजे नेपोलियनला ठेवलेल्या घरी, जाऊन नेपोलियनला तपासून आला होता. त्यानं यकृताचा विकार सांगितला. म्हणजे बेटाची हवा कैद्याला बाधतेय असा अर्थ निघणार, आणि बेटाचा गव्हर्नर हडसन लोला नेमकं तेच नको होतं. स्टोकोवर त्याची इतकी खप्पामर्जी झाली की पुढे डॉक्टरसाहेबांवर आरमारी खटला भरून त्यांना नोकरीतून काढलं. नेपोलियनशी लढायला मागवलेल्या जहाजाचा आणि नेपोलियनचा संबंध आला तो एवढाच: त्याच्या डॉक्टरला घरी नेलं.

३० एप्रिल १८१९ ला त्रिंकोमाली पोर्ट्समथला पोचली. नवीकोरी. आणि तिथे तिला बांधून ठेवलं. डोलकाठ्या उतरवल्या, तोफा काढल्या. शांततेच्या काळात इतक्या जहाजांचं करायचं काय? २६ वर्षं ती तशीच उभी होती. तोफा तिथून पुढचं मग सांगतो, हात दुखले.

---

चहाबिस्कुट

"तोफा तिथून पुढचं"? ऑटोकरेक्टनं पण बार काढला. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

---

फडणीशी

उत्तम धागा. दोन जोडण्या करतो.

एक. त्या जावा जहाजावर नकाशांबरोबर मुंबईत बांधणी चालू असलेल्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रेही होते. आणि उतारूंत होते लेफ्टनंट जनरल टॉमस हिस्लॉप, मुंबईला नेमणुकीवर निघालेले. अमेरिकनांनी त्यांना कैद केलं आणि मग वचनावर सोडलं. हेच हिस्लॉप २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला क्षिप्रेच्या काठी होळकरांच्या फौजेसमोर उभे होते. ब्राझीलजवळ अमेरिकनांनी सोडलं नसतं तर तिथे दुसरा कोणी असता, निकाल कदाचित तोच लागला असता, पण इतिहासाचे धागे कसे फिरतात बघा.

दोन. पाण्यात उतरल्याची तारीख पुन्हा वाचा. १२ ऑक्टोबर १८१७. खडकीची लढाई ५ नोव्हेंबरची. म्हणजे मुंबईत ही फ्रिगेट पाण्यात सोडली तेव्हा पुण्यात एल्फिन्स्टन आणि बाजीराव एकमेकांचा अंदाज घेत होते, आणि २४ दिवसांनी तोंड लागलं. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर होता इव्हान नेपियन. हा गव्हर्नर होण्यापूर्वी लंडनला आरमाराच्या कचेरीत सचिव होता. जहाजाच्या मागणीचा कागद कसा फिरतो हे त्याला वेगळं सांगायला नको होतं.

---

रेवसबंदर

तारीख वाचून राहवलं नाही म्हणून चंद्राचा हिशोब मागे नेऊन पाहिला. १८१७ मध्ये १० ऑक्टोबरच्या रात्रीच्या आसपास अमावास्या येते. म्हणजे १२ तारीख नवरात्राची सुरुवात. आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल की अवसेनंतर दोन दिवस पाण्याला उधाण असतं. एवढं हजार टनी धूड गोदीतून बाहेर काढायचं तर पाणी पुरेपूर भरायला हवं, एरवीच्या भांगाच्या पाण्यात ते तळाला घासेल. तेव्हा तारीख कुणा साहेबानं घड्याळ पाहून ठरवलेली नाही, भरतीनं ठरवलेली आहे. पाऊस सरलेला, वारा पडलेला, वर उधाण. आम्ही होड्या पाण्यात ढकलतो त्या नारळी पौर्णिमेला, हे काम मात्र त्यानंतरचं.

---

उत्तरवारा

रेवसबंदर, हे मला सुचलंच नव्हतं. मी फलकावरून तारीख उतरवून घेतली नि पुढे गेलो. दंडवत.

---

सुतारपक्षी

आमचं घराणं मालवणकडचं, आजोबा-पणजोबांपासून होड्या बांधणारं. मी मात्र संगणकावर बसतो, त्यामुळे हे ऐकीव-पाहिलेलं ज्ञान.

सागवान का टिकतं ते सांगतो. सागाला अंगचं तेल असतं. त्यात लोखंडी खिळा ठोकला तर वर्षानुवर्षं गंजत नाही. ओकचं उलट. त्याच्यात आम्ल, ते लोखंड खातं. गंज लाकूड खातो. मग खिळा हलतो आणि फळी सुटते. वाळवीही सागाच्या वाटेला सहसा जात नाही. पाण्याखालचा किडा मात्र कुणाला सोडत नाही, म्हणून आरमारी जहाजांना तळाला तांब्याचे पत्रे मारायचे. आमच्याकडे तांबं कुठलं, चुना आणि तेल फासायचं. बाबा मुशी माशाचं तेल वापरायचे, त्या दिवसांत आई त्यांना घरात घेत नसे.

दुसरं, सांधा. विलायती पद्धतीत फळीला फळी नुसती टेकवून मधल्या फटीत दोरखंडाचे धागे ठासायचे. आपल्या किनाऱ्यावरची जुनी रीत वेगळी: एका फळीच्या काठाला खाच, दुसरीच्या काठाला तिच्यात बसणारी धार, मध्ये राळेत भिजवलेला कापूस. याला वाधरा म्हणतात. बसला की दोन फळ्या एक होतात. याला वेळ लागतो आणि हात लागतो. बाबा फळी लावून बघायचे, काढायचे, रंधा एकदा फिरवायचे, पुन्हा लावायचे. एका फळीला अख्खी सकाळ. लहानपणी मला वाटायचं, यांना काम संपवायचंच नाही.

त्रिंकोमाली इंग्रजी नकाशावर बांधलेली, तेव्हा तिचा सांधा कोणता ते बघून सांगाल का?

---

व्हॉट्सॅपग्रस्त

अमेरिकेचं राष्ट्रगीतसुद्धा वाडियांच्या जहाजावर लिहिलं गेलं होतं! मिंडन नावाचं जहाज. प्रत्येक भारतीयाला अभिमान वाटावा अशी गोष्ट.

---

फडणीशी

नाही हो. हे ढकलपत्र दरवर्षी येतं.

मिंडन खरंच वाडियांचं. १८१० मध्ये मुंबईत बांधलेलं ७४ तोफांचं, आणि ब्रिटनबाहेर बांधलेली त्या आकाराची आरमारातली पहिली युद्धनौका. एवढा अभिमान पुरे आहे. पण सप्टेंबर १८१४ मध्ये बाल्टिमोरवर मारा झाला तेव्हा फ्रान्सिस स्कॉट की हा अमेरिकेच्याच, तहाचं निशाण लावलेल्या छोट्या नौकेवर होता आणि मिंडन होतं पूर्वेकडच्या पाण्यात. ते तिथे नव्हतंच.

अभिमानाला खरी सामग्री हवी असेल तर ही घ्या. १८४२ चा नानकिंगचा तह, ज्यात हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं, तो २९ ऑगस्टला 'कॉर्नवॉलिस'वर झाला. जहाज मुंबईचं, १८१३ चं. (अभिमान वाटून घ्यायचा की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं. अफूसाठी झालेलं युद्ध ते.) १८२७ ला नवारिनोच्या लढाईत इंग्रज आरमारप्रमुख कॉड्रिंग्टनचं निशाण 'एशिया'वर होतं, तेही मुंबईचं. आणि 'वेलस्ली', मुंबई १८१५, सप्टेंबर १९४० मध्ये टेम्स नदीत जर्मन विमानांच्या बॉम्बनी बुडालं. शिडाच्या काळातलं जहाज विमानानं बुडवलं!

---

घेरियाकर

हे सगळं ठीक, पण १७५६ ला विजयदुर्गावर नानासाहेबांनी इंग्रजांना हाताशी धरून स्वतःचंच आरमार जाळू दिलं नसतं तर ही सागवानी जहाजं कुणाची असती?

---

फडणीशी

आला, आला. १७५६ आला. आठवा प्रतिसाद, मला वाटलं त्याहून उशीर झाला.

---

चहाबिस्कुट

तुळाजी आंग्र्यांसाठी वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो. इथे जहाज पोर्ट्समथला २६ वर्षं अडकलंय, आधी त्याला सोडवा.

---

उत्तरवारा

सोडवतो.

१८४५ ला तिला बाहेर काढलं. तोवर तोफांचं शास्त्र बदललं होतं. आता कमी पण मोठ्या तोफांचा जमाना. तेव्हा ४६ च्या २६ केल्या, मागचा भाग नव्यानं घडवला आणि तिची पायरी उतरवून तिला 'कॉर्व्हेट' केलं. म्हणजे तीस वर्षांच्या उमेदवारीनंतर पहिली नोकरी मिळाली तीही खालच्या हुद्द्यावर.

१८४७ ते १८५० वेस्ट इंडीज आणि उत्तर अमेरिकेचा किनारा, कप्तान वॉरन. हैतीत दंगली, क्युबावर स्वारीची आवई, उत्तरेला न्यूफाउंडलंडपर्यंत फेऱ्या, आणि गुलामांची जहाजं अडवण्यासाठी गस्त. या शेवटच्या कामाबद्दल मला सगळ्यात जास्त वाचायचं होतं, कारण ज्या साम्राज्यानं शतकभर माणसं वाहून नेली त्याचंच आरमार आता ती वाहतूक अडवत फिरतंय.

१८५२ ते १८५७ पॅसिफिक, कप्तान वॉलेस ह्यूस्टन. मधेच क्रिमियन युद्ध सुरू झालं, म्हणजे रशिया शत्रू, आणि रशियाचा एक काठ पॅसिफिकला लागतो. शिवाय उत्तर ध्रुवाकडे फ्रँकलिनची मोहीम गायब होऊन वर्षं लोटली होती, त्यांना शोधणाऱ्या जहाजांना रसद हवी होती. १८५४ च्या उन्हाळ्यात त्रिंकोमाली बेरिंगच्या सामुद्रधुनीजवळ पोर्ट क्लॅरेन्सला होती. मलबारच्या जंगलातलं लाकूड अलास्काच्या थंडीत! वरच्या डेकवर फळीला हात लावला तेव्हा हेच डोक्यात होतं.

आत काय आहे थोडं सांगतो. खालच्या मजल्यावर मला मान वाकवूनच चालावं लागलं, आणि मी काही उंच नाही. तुळई कपाळाशी. वर्दीतला पुतळा टेबलाशी बसलेला, टेबल दोऱ्यांनी छताला टांगलेलं. युद्धकाळाच्या हिशोबानं तीनशेच्या आसपास माणसं या जहाजावर. ती सगळी याच मजल्यावर झोळ्या टांगून झोपायची. झोपेतही जहाजाचा आवाज ऐकू येत असणार, कारण आज ते धक्क्याला बांधलेलं, पाणी संथ, तरी लाकूड मधेच करकरतं. एक तुळई होती, तिच्या कडेवर तासणीचे घाव अजून उठून दिसत होते, बोटाच्या पेराएवढे, एकाशेजारी एक. रंगाचे थर बसलेत वर, पण बोट फिरवलं की लागतात. ती मुंबईची की नंतरच्या दुरुस्तीतली हे ओळखण्याइतकी माझी नजर नाही. मी आपलं बोट फिरवत राहिलो, मागून एक म्हातारी "एक्स्क्यूज मी" म्हणाली तेव्हा बाजूला झालो.

सुतारपक्षी, सांध्याचं पुढच्या वेळी बॅटरी घेऊन जाऊन बघतो.

---

सॉल्टस्प्रिंगवहिनी

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून लिहितेय. व्हँकुव्हरहून व्हिक्टोरियाला फेरीनं जाताना अॅक्टिव्ह पास लागतो, आणि त्यातून पश्चिमेला बाहेर पडलं की जे पाणी येतं त्याचं नाव त्रिंकोमाली चॅनल. शेजारीच ह्यूस्टन पॅसेज. गेली अकरा वर्षं मला वाटत होतं की कुणीतरी श्रीलंकेचा माणूस इथे येऊन गेला असेल. आज कळलं, आपल्या मुंबईचं जहाज!

पण इथली आठवण सगळी गोड नाही, तेही सांगायला हवं. १८५६ मध्ये व्हँकुव्हर बेटावर काउइचन लोकांतल्या एकानं एका गोऱ्या माणसाला गोळी घातली. तो गोरा जगला. तरी गव्हर्नर जेम्स डग्लस चारशेहून अधिक खलाशी आणि शिपाई घेऊन गेला, आरोपीला पकडलं, तिथेच खटला चालवला आणि त्याच्याच लोकांसमोर फाशी दिली. ती फौज नेणारं जहाज त्रिंकोमाली. खाडीत वाऱ्याचा भरवसा नाही म्हणून 'ऑटर' नावाच्या वाफेच्या बोटीनं तिला ओढत नेलं होतं.

---

जुनाखलाशी

वहिनींनी शेवटी लिहिलेलं वाक्य सगळ्यांनी पुन्हा वाचा. वाफेच्या बोटीनं ओढत नेलं. शिडाच्या जंगी जहाजाची कथा तिथेच संपली. १८५७ ला त्रिंकोमाली चॅथमला परतली, त्यानंतर तिला लढाऊ कामावर धाडलं नाही. तीन-चार वर्षांत लोखंडी चिलखताच्या बोटी आल्या आणि लाकडाच्या कुशीला काही अर्थ उरला नाही.

मी तीस वर्षं व्यापारी बोटींवर होतो. इंजिनाच्या बोटीवर वारा म्हणजे कटकट. शिडाच्या जहाजावर तो मालक. आम्हाला प्रशिक्षणात परबाणावर चढवायचे (ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डोलकाठीवरचं आडवं लाकूड, ज्याला शीड बांधतात). मी वर गेलो आणि खाली पाहिलं. ती चूक. हात दोराला असे चिकटले की खालून सारंगानं आईबहिणीवरून हाक मारली तेव्हाच सुटले. तिथे पावसात, रात्री, हलत्या जहाजावर ओलं शीड गोळा करणारी सतरा-अठरा वर्षांची पोरं होती. तोफेपेक्षा त्यांना त्या लाकडाचंच भय जास्त असणार.

धागाकर्ते, पुढची प्रशिक्षणाची कहाणी तुम्ही सांगा.

---

उत्तरवारा

सांगतो, आणि मला तोच भाग सर्वांत आवडतो.

१८६१ ला तिला सरावाचं जहाज करून संडरलंडला आणलं. राखीव दलातल्या खलाशांना तोफा चालवायला शिकवायचं. नंतर, ऐका, हार्टलपूलला! १८७७ पर्यंत ती इथेच होती. म्हणजे आज ती इथे आहे तो तिचा दुसरा मुक्काम. त्यानंतर साउथॅम्प्टनचं पाणी, आणि १८९७ ला भंगारवाल्याला विक्री.

इथे व्हीटली कॉब नावाचा एक वेडा येतो. त्यानं आधी नेल्सनचं जुनं जहाज 'फूद्रॉयां' जर्मन भंगारवाल्यांकडून सोडवून आणलं होतं. ते दुरुस्त केलं, किनाऱ्या-किनाऱ्यानं लोकांना दाखवत नेलं, आणि जून १८९७ मध्ये ब्लॅकपूलच्या वादळात ते किनाऱ्याला आदळून फुटलं. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. यानं त्याच वर्षी त्रिंकोमाली घेतली आणि फुटलेल्या जहाजाचं नाव तिला दिलं. तेव्हापासून जवळपास शंभर वर्षं ती फूद्रॉयां म्हणून जगली. फाल्मथ, मिलफर्ड हेवन, मग पोर्ट्समथ. दुसऱ्या महायुद्धानंतरही १९८६ पर्यंत मुलं-मुली सुट्टीत तिच्यावर राहायला जायची, झोळीत झोपायची, वल्ही मारायला शिकायची.

१९८७ ला तिला एका तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणलं. दुरुस्तीला दहा वर्षांहून अधिक लागली, काम २००१ ला संपलं, खर्च १ कोटी पौंडांच्या वर. १९९२ ला जुनं नाव परत मिळालं. आज ब्रिटनमधली पाण्यावर तरंगणारी सगळ्यात जुनी युद्धनौका तीच. नेल्सनची 'व्हिक्टरी' तिच्याहून जुनी, पण ती कोरड्या गोदीत आहे, तरंगत नाही.

मला हसू कशाचं येतं सांगू? जावा जाळून हिचे नकाशे बुडवणारी ती 'कॉन्स्टिट्यूशन'सुद्धा शाबूत आहे, बॉस्टनला, पाण्यावर. दोघी म्हाताऱ्या अटलांटिकच्या दोन काठांना बसल्यात.

माझं मत विचाराल तर त्रिंकोमाली टिकली कारण सागवान चांगलं होतं आणि ती कधी मोठ्या लढाईत सापडली नाही. दोन्ही मिळून. दुसऱ्या बाजूला गस्त घालत, रसद पोचवत, कुणा गव्हर्नराच्या धाकदपटशाला ओढत नेली जात, आणि मुख्य म्हणजे नुसती उभी राहत तिची वर्षं गेली. मोजून पाहिलं, दोनशेहून जास्त वर्षांच्या आयुष्यात खऱ्या आरमारी सफरीवर ती दहा वर्षंही नव्हती.

---

घेरियाकर

दहा वर्षांत निवृत्त आणि उरलेलं आयुष्य पेन्शनवर. खरी सरकारी नोकरी.

त्या पुतळ्याचा फेटा नक्की कसला आहे? पुणेरी पगडी की पारशी फेंटा?

---

उत्तरवारा

दोन्ही नाही. फोटो पुन्हा पाहिला. लाकूड कोरणाऱ्याच्या मनात 'पूर्वेकडचा माणूस' म्हणून जो काही होता त्याचा तो फेटा. जगाच्या पाठीवर कुणी असा बांधत नसेल. आणि नाव सिंहलद्वीपातल्या बंदराचं, लाकूड मलबारचं, बांधणारे पारशी.

---

फडणीशी

पारशांवरून आठवलं. वाडियांच्या घराण्यात सांगतात की जमशेटजींनी 'कॉर्नवॉलिस' नावाच्या एका जुन्या फ्रिगेटच्या (हे वर आलेलं कॉर्नवॉलिस नव्हे, १८०० चं) पोटातल्या लाकडावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कोरून ठेवलं होतं: हे जहाज एका काळ्या माणसानं बांधलं. 'काळ्या'च्या आधी साहेब लोक लावत तो शिवीवजा शब्दही होता. वर्षांनी ते जहाज दुरुस्तीला मुंबईच्याच गोदीत आलं तेव्हा त्यांनी तो मजकूर अधिकाऱ्यांना दाखवला म्हणे. जमशेटजी १८२१ ला वारले.

---

रेवसबंदर

म्हणजे साहेब वर डेकवर उभा राहून शिव्या देतोय आणि त्याच्याच पायाखाली उत्तर कोरलेलं. वा!

ती गोदी आता नौदलाच्या ताब्यात आहे, लायन गेटच्या आत. आपल्याला बाहेरून भिंत दिसते. हार्टलपूलला तिकीट काढून पाहता येतं, मुंबईत नाही. ठीक आहे, चालू गोदी आहे, कामं असतात. तरी कधीतरी भिंतीवर एक फलक लावायला हरकत नसावी.

---

उत्तरवारा

सुतारपक्षी, कालच जाऊन आलो. पाऊस होता, गर्दी नव्हती. तळघरात नीरमाच्या (जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी भरलेल्या वजनाच्या) जागेपर्यंत जाता आलं, तिथून कुशीच्या आतल्या बाजूचे तीन फोटो काढलेत, तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलेत. एक नाळेचा बाजूनं काढलेला, पूर्ण.

---

सुतारपक्षी

मिळाले. सांध्याचं फोटोवरून ठरवणं कठीण आहे, वर रंग बसलाय. पण रात्री बाबांना दाखवले. बाबा ब्याऐंशी, मोतीबिंदू निघालाय. मोबाइल डोळ्यांजवळ धरला, नाळेचा फोटो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. म्हणाले, "नाळ उभी घेतल्यानी. आमची असती तर आणखी पुढे वाकती." मग आतला फोटो. तासणीचे घाव असलेली तुळई दिसल्यावर काही बोलले नाहीत, तसेच बघत राहिले.

मी सांगितलं की हे मुंबईत बांधलंय, दोनशे वर्षं झाली. त्यावर विचारलं, "तां काम अजून चालू आसा? मगे विचार तेंका, सुतार व्हयो काय."